टेका आता

गिरीज गावातल्या आलोशियसच्या वाडीतला गोठा पडायला आला होता. बैलजोडी जाऊन वर्षं लोटली होती. मुलगा ॲलिस्टर म्हणाला, "पप्पा, कुणाच्या अंगावर यायच्या आत पाडून टाकूया."

बघायला आलेला गवंडी खांब चाचपून मागे सरला. "अंकल, सगळे खांब खालून कुजलेत. एकही जमिनीला टेकलेला नाही. भिंतीही सुटल्यात. मग हे छप्पर उभं कशावर आहे?"

ॲलिस्टरने वाकून खांबांखालून हात फिरवला. तो कुठंच अडला नाही.

आलोशियस मात्र वर बघत होता. आढं अगदी मंद, श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं.

त्या जोडीच्या मानेवर हे घर उभं राहिलं होतं. संध्याकाळी जू उतरवलं की आलोशियसचे वडील दोघांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "बस झालं रे, टेका आता." तोवर बैल कितीही दमले तरी बसायचे नाहीत.

आगेऱ्याच्या, नव्या पिकाच्या सणाला, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी घेऊन आलोशियस गोठ्याच्या दाराबाहेर उभा राहिला. पूर्वी तिचा पहिला घास बैलांचाच असे. त्याने ती रिकाम्या दारात पुढे धरली.

"लय ओढलंत आमच्यासाठी. बस झालं रे, टेका आता."

छप्पर आधी पुढून, गुडघे मोडल्यासारखं वाकलं. मग मागून हळूच खाली बसलं. एकही कौल फुटलं नाही.

धूळ उडाली, काही दिसेना. त्या धुरळ्यात त्याच्या तळहाताला ऊन श्वास लागला, आणि जुडी अलगद ओढली गेली.