तिसरी रिंग

"हरलेला राजा रोज कड्यावर येऊन समुद्राकडे बघत बसायचा," एकनाथ आजोबा म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी होती.

जर्सी सिटीत, लेकीच्या नवव्या मजल्यावरच्या घरात त्यांचा रविवारचा मराठी वर्ग भरला होता. आज गोष्ट होती अथेन्सच्या ईजियस राजाची. हरल्याबद्दल दंड म्हणून त्याला आपल्या राज्यातली मुलं शत्रूच्या राक्षसाला द्यावी लागत. राक्षसाला मारायला त्याचा मुलगाच निघाला. जिवंत परतलास तर जहाजाचं काळं शीड उतरवून पांढरं लाव, असं ठरलं. मुलगा जिंकला, पण काळं शीड बदलायला विसरला. ते लांबून पाहूनच राजाने समुद्रात उडी घेतली.

"पण आजोबा, बोट येतच होती ना?" शिवांगी म्हणाली. "ही शुड हॅव वेटेड!"

"खूण तशी ठरली होती, बाळा."

"कोणी ठरवली?"

"राजानेच."

"मग? सिली किंग!"

मुलं खिदळली. आजोबा हसले नाहीत.

फोन वाजला. कोणी उठलं नाही. रविवारी अकराचा फोन घ्यायचा नसतो, हे मुलांनाही पाठ होतं. तो क्युपर्टिनोहून सिद्धेशचा, आजोबांच्या मुलाचा. पोचलास की दोन रिंग दे आणि ठेव, ही त्यांच्या घरची जुनी रीत, तो कॉलेजला गेला तेव्हापासूनची. चार वर्षांपूर्वी व्हिसा अडकला आणि आईच्या शेवटच्या वेळी सिद्धेश भारतात येऊ शकला नाही. आजोबा त्याला नको ते बोलले. तेव्हापासून दर रविवारी दोन रिंग येत. खुशाल आहे, एवढंच कळे. त्याला बोलायचं असतं तर त्याने तिसरी दिली असती, असं आजोबा स्वतःला समजावत.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दुसरी रिंग वाजत होती. त्यांनी फोन उचलला.

"सिद्धेश?"

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"बोल रे. मी आहे."

"बाबा..." सिद्धेश म्हणाला. "दोनच द्यायच्या, असं तुम्हीच सांगितलं होतंत. पण दुसरी मी दर वेळी पूर्ण वाजू देतो, तुम्ही उचलाल म्हणून."