काकूंचं वाण

हातमोजे घालून गाजरगवत उपटणाऱ्या मृण्मयीला शेजारच्या कुमुदकाकू कुंपणावरून हसल्या. "अगं, भाजीचा वाफा आहे की दवाखाना?"

"काकू, अंगाला खाज सुटते याने. आणि फुलं यायच्या आत काढलं, तर बी पडत नाही."

"शिकव आता आम्हाला!" काकूंनी नाक मुरडलं. आपल्या वांग्यांतलं पांढऱ्या फुलांनी डवरलेलं गाजरगवत त्यांनी उघड्या हातांनी उपटलं आणि कोपरं खाजवत खताच्या खड्ड्यात लोटलं.

संक्रांतीला गल्लीभर त्यांनी तेच खत वाण म्हणून लुटलं. "तुमच्या त्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरं!" हेही प्रत्येकीला ऐकवलं.

होळीपर्यंत गल्लीतल्या एकूणएक वाफ्यात मेथीच्या आधी गाजरगवत तरारलं. काकूंना तोंडावर कुणी बोललं नाही; सगळ्या मृण्मयीकडे धावल्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मृण्मयीने प्रत्येकीच्या ओटीत भिजवलेल्या हरभऱ्यांबरोबर हातमोजे घातले. शेवटी ती काकूंपुढे आली.

"काकू, उद्या तुमच्याच वांग्यांपासून सुरुवात करू," ती गोड हसून म्हणाली. "फुलं यायच्या आत."

ओटी नाकारायची सोय नव्हती. काकूंनी निमूटपणे पदर पसरला.