राखणीची आरोळी

टोकावड्याला आमच्या भातशेताला लागून मुंबईच्या एका साहेबांनी रेकॉर्डिंगचा स्टुडिओ बांधला. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि जनावरांना मोकळं येता यावं म्हणून कुंपणच नाही. रानडुकरं दिवसभर त्यांच्या झाडीत लोळायची आणि सांज झाली की आमच्या भातात उतरायची. माझा नवरा शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून पत्रा बडवायचा, आरोळ्या ठोकायचा.

साहेब बांधावर आले. "कुंडलिक, घाबरतात रे ती. थोडा वाटा त्यांचाही असतो."

"मंग तुमच्या ताटातला द्या ना, साहेब. आमचाच कशाला?"

साहेब हसले. त्याची आरोळी मात्र टेप करून घेऊन गेले.

सलग दोन हंगाम भात घरात आला नाही. नवरा भिवंडीला गोदामात हमालीला गेला. मी स्टुडिओतली झाडलोट धरली.

काल पाहुण्यांना चहा घेऊन गेले, तर स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज येत होता. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते.

"आता ही आरोळी या भागात ऐकूच येत नाही," साहेब म्हणाले.

"का हो?"

साहेबांनी माझ्या हातातल्या ट्रेमधला कप उचलला. "लोकांना शेतीची ओढच राहिली नाही."