चिंचेने घासलेलं तांबं

“हात लावू नकोस,” मृणालिनी म्हणाली. “आधी मी बघते.”

गिरीशने पुढे केलेला हात मागे घेतला. त्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून ओट्यावरचा स्टीलचा चमचा उचलला आणि टी-शर्टला पुसायला लागला. चमचा स्वच्छच होता. सकाळपासून त्याचे असे सगळे चमचे, किटलीचं झाकण आणि सिंकचा नळ पुसून झाले होते.

“बाबा, वुड यू स्टॉप?” टेबलापाशी बसलेली स्वरांगी म्हणाली. “द स्पून इज ग्रँड.”

स्वरांगी डाव्या हाताने सीरियल खात होती. सणाच्या दिवशी तरी उजव्या हाताने जेव, असं नागपूरची आजी दर पाडव्याला व्हिडिओ कॉलवर सांगायची. सतरा वर्षांत स्वरांगीने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

आज पाडवाच होता. गुढीची काठी मागच्या दाराला टेकून उभी होती आणि बाहेर ओंगारचं, या परदेशी उपनगरातलं नेहमीचं वारं सुटलं होतं. गुढी टिकेल की शेजाऱ्यांच्या बागेत जाऊन पडेल, काही सांगता येत नव्हतं. गुढीवर घालायचा तांब्या सिंकमध्ये चिंचेच्या पाण्यात पडला होता. आणि खिडकीत, तुळशीच्या कुंडीमागे, गिरीशचा मॉड उभा होता.

मॉड म्हणजे व्हेप, बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, ओढायची तांब्याची नळी. सिगारेट सुटावी म्हणून गिरीशने व्हेप घेतला. सिगारेट सुटली आणि जीव या नळीत अडकला. कोरं तांबं आणून त्याने ते बारीक पॉलिश पेपरने घासलं, वर पितळेची कडी बसवली. कधी आरशासारखं लखलखीत केलं, तर कधी गॅसवर धरून त्यावर निळी-जांभळी झाक आणली. लग्नातल्या अंगठीकडे त्याने कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. त्याला धुरापेक्षा ती नळी हातात हवी असायची. पण धूर छातीत जातच होता आणि मृणालिनी डॉक्टर होती.

शेवटी तिनेच तोड काढली. नळी चिंचेने घासून खिडकीत ठेवायची. पाडव्यापर्यंत गिरीशने तिला शिवायचं नाही. जमलं तर नळी त्याची, शोकेसमध्ये ठेवून हवी तेवढी चमकवू दे. नाही जमलं तर भंगारात. पहाऱ्याची गरज नव्हती. चिंचेने घासलेल्या तांब्याला नुसतं बोट लागलं तरी तिथे काळा डाग उमटतो, हे देवाची भांडी घासणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

आणि गिरीशने खरंच शिवलं नव्हतं. हात शिवशिवायचे, झोप लागायची नाही, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो पेनाचं टोपण चोळत बसायचा. नजर गेली की हात जाईल, म्हणून तुळशीची कुंडी त्यानेच नळीपुढे सरकवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने बायकोला दिलेला शब्द पाळला होता. शाबास, एवढं एक तिच्या तोंडून ऐकायला तो अधीर झाला होता.

मृणालिनीने कुंडी बाजूला केली. नळी फडक्यात धरून उचलली, उजेडाकडे फिरवली आणि थांबली.

“गिरीश.”

गुलाबी तांब्यावर चार बोटं आणि एक अंगठा काळेभोर उमटले होते. कुणीतरी नळी मुठीत घट्ट धरली होती.

गिरीशच्या हातातला चमचा थांबला. मी नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले. मनातल्या मनात त्याने आपली मूठ त्या डागांवर बसवून पाहिली. बसेना. बोटं होती तिथे अंगठा यायचा. ती मूठ डाव्या हाताची होती.

त्याने टेबलाकडे पाहिलं. बॅटरी वरच्या कपाटातच तर होती. या नळीत चिप नाही, सुरक्षेची कसलीच सोय नाही. तळाचं बटण दाबलं की बॅटरी थेट आतल्या, धूर काढणाऱ्या तारेला भिडते. तार चुकीची बसली तर नळी हातातच फुटते. त्याने स्वतः ती इतकी सुंदर करून, कुणीही उचलावी अशी, खिडकीत उभी केली होती.

“तूच ना?” मृणालिनीने विचारलं.

टेबलापाशी चमचा वाडग्यावर वाजला. स्वरांगीने मान वर केली नाही.

“मीच,” गिरीश म्हणाला. मग टेबलापर्यंत नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चुकलं माझं. आतली तार धड बसलेली नव्हती. हातात फुटली असती. बोटं गेली असती.”

मृणालिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिचा त्याच्यावरचा विश्वास उडताना त्याला दिसत होता आणि तो थोपवायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं. ते त्याने गिळलं.

“कुठल्या हाताने घेतलीस?” तिने विचारलं.

गिरीशने उजवा हात पुढे केला. मग तो खाली घेतला आणि डावा पुढे केला.

मृणालिनीने त्या हाताकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. मग नळी सिंकमध्ये, तांब्याशेजारी चिंचेच्या पाण्यात सोडून दिली.

टेबलापाशी स्वरांगीने चमचा उजव्या हातात घेतला आणि सांडत सांडत खायला लागली.