रंगाचा दर

"रंगाचं आठ आणं निराळं हाईत?" झुंबरबाईंनी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बोट करून विचारलं.

"व्हय काकू. फोटोमागं, माणशी, एका हाताला," सयाजी म्हणाला. "निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं हात फिरवायला लागतोय. तास तास मान वर करता येत न्हाय."

स्टुडिओ उघडून त्याला दीड महिना झाला होता आणि लग्नाचं हे पहिलंच काम. हुपरीचं चांदीवाल्यांचं घर, म्हणजे यांच्या ओळखीतून आणखी चार लग्नं मिळण्याची आशा. 'पोस्टकार्ड आकार – दोन रुपये' ही ओळ त्यानं भीत भीत लिहिली होती. 'चेहरा उजळ करणे – आठ आणे' ही मात्र लाल रंगात, ऐटीत. हे काम मंगळवार पेठेत आपल्याशिवाय कुणाला जमत नाही, असा त्याचा समज होता.

दोनाचे दीड रुपये झुंबरबाईंनी आल्या आल्याच करून घेतले होते. त्यांच्या मागे बाकावर नवी सून पद्मजा बसली होती, आणि तिच्या शेजारी तिचे वडील गणपतराव. ते बिद्रीच्या साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर कारकून. लेकीला मांडवपरतणीला न्यायला आले होते. स्टँडवर जाता जाता फोटो तेवढे पसंत करून टाकू, असं विहीणबाई म्हणाल्या, म्हणून तेही आत येऊन बसले.

"पद्मे, दारात ये. उजेडात उभी ऱ्हा."

पद्मजा उठून दारात उभी राहिली. कुठे बघावं ते न कळून तिनं रस्त्याकडे बघितलं.

"आता बघ पोरा. किती हात फिरवायला लागतील?"

सयाजीनं बघितलं. धंद्याच्या सवयीनं बघितलं, हाच त्याचा गुन्हा. "दोन," तो म्हणाला, आणि मग त्याला कळलं की आपण कुणाच्या तोंडावर काय बोललो.

"म्हंजे फोटोमागं रुपाया. हिचं बावीस फोटो, बावीस रुपय." झुंबरबाई गणपतरावांकडे वळल्या. "पावणं, आमच्यात चांदीचा भाव येगळा आन् मजुरी येगळी. तसंच हे. फोटो आमचा, त्याचं पैसं आमी देतो. रंग तुमच्या घरनं आलाय, तो तुमी भरा."

गणपतराव हसले. मुलीच्या बापाला हसावं लागतं, म्हणून हसले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सयाजीला ते दरपत्रक काढून बंबात घालावंसं वाटलं. "ऱ्हाऊ दे काकू," तो घाईनं म्हणाला. "रंगाचं मी काय घेत न्हाय. पयलंच लगीन हाय माझं हे."

"का? मगाशी मला आठ आणं सोडताना तुझ्या जिवावर आलतं. दर लावलायस न्हवं? मग दराला ऱ्हायचं. आज ह्यांना सोडलंस तर फुडल्या महिन्यात नणंदंच्या पोरीच्या लग्नात मीबी फुकट मागीन."

नणंदेच्या पोरीचं लग्न. सयाजीनं ते ऐकलं आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं. माणूस विकला जातो तो असा, कपभर चहासुद्धा न घेता.

गणपतरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या आणि टेबलावर ठेवल्या. सयाजीनं त्या उचलल्या.

पसंतीसाठी टेबलावर मांडलेल्या फोटोंपैकी शेवटी एक राहिला. तो झुंबरबाईंनी बाजूला सारला. "ह्यो नको. ह्यात आमचं कोण न्हाय."

"त्यो मी घेतो," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी त्याचा दीड रुपया टेबलावर ठेवला. लग्नात माहेरच्यांबरोबर काढलेला तेवढा एकच फोटो होता. गणपतराव, त्यांची आई, बायको, दोघी धाकट्या लेकी, भाऊ, भावजय, आणि मधोमध पद्मजा.

"घ्या की. पण हिला उजळ करून घ्या. तुमच्या भिंतीवर लागणार त्यो. आमची माणसं तिथं येत्यात-जात्यात. आमच्यात गोरी आन् तुमच्यात काळी, बरं दिसतंय का?"

सयाजीनं फोटो उचलून निरखला. "काकू, एवढ्या माणसांत हिला एकटीलाच उजळ केली, तर ती ह्यांच्यातली वाटायची न्हाय."

"बरंच हाय की," झुंबरबाई म्हणाल्या.

"आप्पा, यष्टी चुकंल," पद्मजा दारातून म्हणाली. तिनं अजून तोंड फिरवलं नव्हतं.

गणपतरावांनी फोटो स्वतःकडे ओढून घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमास्नीबी करा मग. समद्यास्नी. काय पडंल?"

सयाजीनं एकदा झुंबरबाईंकडे बघितलं. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"दोन हात लागतील," तो म्हणाला. "माणशी रुपाया."

गणपतराव फोटोतल्या एकेका तोंडावर बोट ठेवत मोजू लागले. आई. बायको. दोघी लेकी. भाऊ. भावजय. दुसऱ्या मुठीत उरलेले पैसे होते आणि त्यातूनच बिद्रीची दोन तिकिटं काढायची होती. बोट मागे फिरलं, पद्मजावर येऊन थांबलं.

"हिला एकटीलाच करा," ते म्हणाले, आणि त्यांनी रुपया पुढे सरकवला.