राघोने पाहिलेला ट्रॅक्टर

राघोने इंजिनवर तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला.

"थंड हाय," तो म्हणाला. "आमी यायच्या आधी तापवून ठेवला नाय, हे बरं केलंस. आता चालू कर."

कंत्राटदाराचा ड्रायव्हर नवशा याने ट्रॅक्टर चालू केला. खर्डीजवळचं रस्त्याचं काम संपत आलं होतं आणि कंत्राटदाराला हे विलायती धूड विकून मोकळं व्हायचं होतं. पुढे माती उचलायचं मोठं सूप, मागे खोदणारा लोखंडी हात. साल होतं सहासष्ट. असं यंत्र आसपासच्या गावांत कुणाच्या दारात नव्हतं.

राघोचा चुलतभाऊ कुंडलिक चार पावलं मागे उभा होता. दोघेही शेणव्याचे, बांधाला बांध लागून शेती. सकाळी राघोच त्याला बोलवायला आला होता. "दादा, येकट्यानं बघून काय समजतंय? तूपन चल." कुंडलिक दोनच महिन्यांनी मोठा होता, पण राघो त्याला दादा म्हणायला कधी चुकत नसे.

कुंडलिकला मात्र राघोचं काही म्हणता काही बघवत नसे. राघोच्या घरावर कौलं चढली तेव्हा त्याने आठ दिवसांत आपलं चांगलं शाकारलेलं छप्पर उतरवलं होतं. राघोने सायकल घेतली तेव्हा यानेही घेतली. ती चालवायला त्याला अजून येत नव्हती.

राघोने धुराचा रंग पाहिला. तेलाची पट्टी काढून तेल बोटांवर चोळलं, वास घेतला. मग सूप वर उचलायला लावलं, इंजिन बंद करवलं आणि समोरच्या दगडावर बसून बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत तो सुपाकडे बघत होता. सूप बोटभरही खाली आलं नाही.

"तेलाच्या नळ्या धड हायत," तो उठत म्हणाला. "पन हितल्या भुसभुशीत मातीत कुनीपन खोदंल. आमच्या मुरमात खोदून दाखव, मंग बोलू."

किंमत त्याने विचारली नाही. कुंडलिकने ते बरोबर हेरलं. सौदा आतून ठरलेला दिसतो, तो मनात म्हणाला, आणि त्याचं डोकं भणभणायला लागलं.

दुसऱ्या दिवशी नवशा ट्रॅक्टर घेऊन शेणव्याला आला. सगळं गाव बघायला लोटलं. राघोने बांधाला लागून सुरुवात करवली आणि आपल्या जमिनीतून थेट खालपर्यंत चर मारून घेतला. कातळासारखा मुरूम लोखंडी हात ओरबाडून काढत होता. पोरं ओरडत होती. कुणीतरी "राघोशेट!" म्हणालं, आणि ते कुंडलिकच्या काळजात घुसलं.

तो आपल्या खाचरात उभा राहून हे पाहत होता. ओढ्याकाठचं हे खाचर त्याचं सोनं होतं. भात निघालं की वाल, वाल निघाले की भाजी; चैत्रातही तिथे ओल असे. बाकीची जमीन भावांत सामाईक, स्वतःच्या नावावर एवढंच. राघोची जमीन खालच्या अंगाला, भातानंतर कोरडीठाक. खाचरातून ओढ्याचं पाणी न्यायला वाट दे म्हणून राघोने चारदा विनवलं होतं. कुंडलिकने चारही वेळा नाही म्हटलं होतं, आणि दर वेळी त्याला रात्री छान झोप लागली होती.

"सोमवारी येऊन काय ते सांगतो," राघोने नवशाला सांगितलं. चांगलं मोठ्याने सांगितलं.

त्या दिवशी कुंडलिकने जेवणाचं ताट बाजूला सारलं. आता मुरबाडपासून खर्डीपर्यंत विहिरी खोदायच्या त्या राघोने, शेतांना ताली घालायच्या त्या राघोने. आपण बांधावर उभं राहून बघायचं.

"मी खाचर इकतो," तो म्हणाला.

त्याच्या बायकोची, गीताबाईची, भाकर तव्यावरच राहिली. "आवो, त्या खाचरावर आपलं घर चालतंय. राघोभावजी ट्रॅक्टर घेतायत तं घेऊ द्या की! तुमचं काय जातंय?"

"माझं काय जातंय?" कुंडलिक ओरडला. "तुला नाय समजायचं."

शहापूरच्या धर्मा दलालाने दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आणलं. मुरबाडची एक विधवा बाई, अंबूबाई. तिने घासाघीस केली नाही. कचेरीत तिने अंगठा उठवला, कुंडलिकने सही केली. ती कोण, कुणाची, हे विचारायला त्याला सवड कुठली? सोमवार तोंडावर आला होता.

रविवारी सकाळी हार घातलेला ट्रॅक्टर शेणव्यात शिरला. नवशालाच कुंडलिकने चाकरीला ठेवलं होतं. तो स्वतः नवशाच्या शेजारी चाकाच्या पत्र्यावर ताठ बसला होता. राघोच्या घरावरून त्याने ट्रॅक्टर दोनदा नेला. तिसऱ्यांदा राघो बाहेर आला. त्याचा चेहरा पडलेला बघायला कुंडलिक आसुसला होता.

"बेस केलंस, दादा," राघो हसून म्हणाला. "यंत्र येकदम चोख हाय. मी सोता बघितलंय."

"आता तू काय घेशील रे?"

"मी? मला कशाला ट्रॅक्टर? तू उद्या भाड्यानं दे म्हंजे झालं. चर वड्यापत्तुर न्यायचाय."

कुंडलिकला बऱ्याच दिवसांनी मनापासून हसू आलं. "मदलं खाचर आता मुरबाडच्या बाईचं हाय. मी नाय दिली वाट, ती परकी बाई देनार हाय तुला?"

"इचारून बघतो की," राघो म्हणाला आणि त्याने दाराकडे तोंड करून हाक मारली, "अंबूआत्ये, जरा भायेर ये गो. आमच्या हिची आत्या हाय, दादा. तुमची वळख झालीच असंल कचेरीत."