दाराबाहेरचं काम

"ती पुन्हा आलीये," पडद्याच्या फटीतून बघत शिंपी म्हणाला.

खोलीतली कुजबुज थांबली. कुणीतरी उठून पंखाही बंद केला, जणू त्याच्या घरघरीनं ती बाई वर आली असती.

गेल्या काही बैठकांपासून हे चाललं होतं. समोरच्या औषधांच्या दुकानापाशी ती उभी राहायची. डोक्यावरून स्कार्फ, तोंड अर्धं झाकलेलं, नजर सारखी या दाराकडे. बैठक संपायच्या आत निघून जायची.

"कुणाची तरी आई आहे," शिंपी म्हणाला. "माझी नाही बुवा. माझी असती तर एव्हाना दार तोडून आत आली असती."

कुणी हसलं नाही. गेल्या वर्षी एका मुलीचे वडील असेच आधी नुसते बघून गेले होते. मग दोन पुतण्यांना घेऊन आले आणि मुलीला केस धरून जिन्यावरून ओढत नेलं. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

गे आणि लेस्बियन लोकांच्या हक्कांसाठी चालणारी ही संघटना. पगार कुणालाच नाही, धास्ती मात्र सगळ्यांना. खऱ्या नावानं हाक मारायची नाही, हा सगळ्यांसाठी नियम. आणि अध्यक्षांसाठी वेगळा एक: कुणाच्या घरचं माणूस शोधत आलं, तर दाराबाहेर अध्यक्षांनी जायचं. बाकीच्यांनी आत बसायचं.

आजवर अध्यक्ष म्हणून कंडक्टर जात आला होता. हा खरोखरचा बस कंडक्टर, आता निवृत्त. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला जिने चढायला मनाई केली. आज तो शेवटचा म्हणून धापा टाकत वर आला होता.

"चला, माझा स्टॉप आला," तो म्हणाला. "चष्मेवालीच्या बाजूनं कोण कोण?"

सगळे हात वर गेले. चष्मेवाली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. चाळिशीची, कमी बोलणारी. तिला हे पद मनापासून हवं होतं. कोर्टात जायचं होतं, मोर्चात तोंड न झाकता चालायचं होतं. त्याआधी फक्त आईला सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं निघून गेली होती. घरात दोघीच, आणि आईशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं. भाऊ होता म्हणा, पण तो असून नसल्यासारखा, नुसता धाक दाखवायला यायचा.

टाळ्या वाजल्या, त्याही हळूच.

"मग अध्यक्षबाई," शिंपी खिडकीतून बघत म्हणाला, "पहिलं काम समोरच उभंय. अगं बाई, ती निघाली की इकडे यायला! नाही... परत फिरली."

चष्मेवाली पहिल्यांदाच खिडकीशी गेली. एरवी बैठकीच्या वेळी ती मागच्या खोलीत हेल्पलाइनच्या फोनवर असायची. समोरच्या बाईनं स्कार्फ सारखा केला, मान किंचित डावीकडे कलली, आणि चष्मेवालीनं ती लकब ओळखली.

ती आई होती.

आई कित्येक महिने घराबाहेर पडलेली तिनं पाहिली नव्हती. खालच्या मजल्यावरची मावशी गेली आणि आईनं अंथरूणच धरलं. मावशी नात्यातली नव्हे, आईची जुनी मैत्रीण. त्यानंतर आई भाजी आणायलासुद्धा खाली उतरेना. तीच आई आज इथवर आली होती. नक्की कुणीतरी कान भरले होते.

मग पेपरातली जाहिरात आठवली. संघटनेची, चार ओळींची. आईनं ती चष्मा लावून, पत्त्यासकट वाचली होती आणि म्हणाली होती, "तुझ्या भावाला असलं काही कळलं ना, तर दारात उभं करणार नाही." तेव्हापासून आई तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

"चेहरा का गं उतरला?" कंडक्टरनं विचारलं.

"मला नाही जमायचं. दुसऱ्या कुणाला तरी करा अध्यक्ष."

"अगं, आत्ता तर टाळ्या वाजल्या!"

"ती माझी आई आहे."

शिंप्यानं पडदा सोडला. कंडक्टर छातीवर हात ठेवून उठू लागला. "तू बस. मी जातो. मला शिव्या खायची सवय आहे."

"तूच बस गप. वर आलास तेच खूप झालं."

तिला पळून जावंसं वाटत होतं. पण आज ती मागच्या खोलीत लपली असती, तर उद्या दुसऱ्याच्या आईसमोर कुठल्या तोंडानं गेली असती? ती जिना उतरली. भीतीनं कठड्यावरचा हात सुटत नव्हता. आई आता ओरडेल, चार लोक जमतील, मग भावाला फोन जाईल. आणि घरी गेल्यावर आई तिच्याशी कधीच बोलणार नाही. सगळं दिसत होतं तिला. तरी तिनं रस्ता ओलांडला.

आईनं इस्त्रीचे कपडे घातले होते. केस नीट विंचरले होते. भांडायलासुद्धा कशी टापटिपीत आलीये, चष्मेवालीच्या मनात आलं आणि तिला रडू फुटायला लागलं.

"आई."

आई दचकून वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ओरडू नकोस आई. मी सगळं सांगते तुला."

आईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"दादाला सांगू नकोस गं, तुझ्या पाया पडते," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी आत नाही गेले. एकदाही नाही, शपथ. तुझी मावशी गेल्यापासून कुणाजवळ तिच्यासाठी रडायचीही सोय राहिली नाही गं, म्हणून नुसती येऊन उभी राहते. पण तुला... तुला माझ्याबद्दल कुणी सांगितलं?"